फटीचा हिशेब: मास्क निवडायचा, बसवायचा आणि वापरायचा कसा

सोलापुरात तोंड बांधायला कुणी शिकवावं लागत नाही. मार्च सरला की दुचाकीवरच्या मुली डोळे तेवढे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळतात, म्हातारी माणसं टॉवेलाचं टोक नाकावर ओढून घेतात आणि बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात सात रस्ता चौक ओलांडतात. ऊन आणि धूळ यांच्यासाठी ते झकास आहे. घोटाळा होतो तो जानेवारीत. घरात कुणाला ताप-खोकला लागला, डॉक्टर म्हणाले मास्क लावा, की तोच स्कार्फ, तोच टॉवेल पुन्हा तोंडावर येतो आणि मास्क लावल्याचं समाधान मिळतं. सोलापुरी टॉवेल अंग पुसायला जगात भारी, पण विषाणू अडवायला तो विणलेलाच नाही.

आपल्याकडे फ्लूचे दोन हंगाम असतात: एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळा सरत येतो तेव्हा. कोरोना अजून अधूनमधून डोकं वर काढतो, २००९ मध्ये पुण्यात धडकी भरवणारा स्वाइन फ्लू आता नेहमीच्या फ्लूतच जमा झालाय, आणि गोवर तर सगळ्यांत जास्त पसरणारा. हे सगळे कमीअधिक प्रमाणात श्वासावाटे, हवेतून पसरतात. त्यांच्यासाठी मास्क कसा वापरायचा ते इथं पायरीपायरीनं सांगतो. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा येईल, तिचा कंटाळा करू नका: मास्क कशाचा आहे हे बघण्याआधी तो चेहऱ्याला कुठं कुठं टेकत नाही ते बघा.

हवेत नेमकं काय असतं

फ्लूचा किंवा कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण हा विषाणू सुटा उडत नाही. लाळ, शेंबूड, फुप्फुसातला ओलावा यांच्या कणांत बसून तो बाहेर पडतो, आणि हे कण नाना मापांचे असतात. शंभर मायक्रॉनचा थेंब तोंडाच्या उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. पाच मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत खाली यायला अर्धा तास लागतो. एक मायक्रॉनचा कण तर अर्धा दिवस तरंगेल. आणि ज्या खोलीत पंखा चालू आहे, माणसं ये-जा करतायत, तिथं स्थिर हवा कुठून आणायची?

कण फक्त खोकल्या-शिंकेतून निघतात असं नाही. बोलताना निघतात, मोठ्यानं बोलताना जास्त निघतात, गाताना आणखी जास्त. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली इथं एका गायनवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण जमले होते, त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत त्याच्यासह ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. आपल्याकडचं बंद हॉलमधलं भजन किंवा आरती डोळ्यांसमोर आणा.

तेव्हा जागतिक आरोग्य संघटनाही हा आजार हवेतून पसरत नाही असंच सांगत होती. पुढं तिनं भूमिका बदलली. पण तोवर आपण सगळ्यांनी मेथीच्या जुड्या साबणानं धुवून घेतल्या आणि खिडक्या मात्र लावूनच ठेवल्या.

मास्क कण अडवतो कसा

लोकांची सगळ्यांत पहिली शंका: विषाणू एवढा लहान, मास्कची भोकं एवढी मोठी, मग अडणार काय? शंका रास्त आहे, फक्त मास्क म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. चाळणीत भोकापेक्षा मोठं ते अडतं, लहान ते पडतं. मास्कच्या मधल्या थरात बारीक धाग्यांचं आडवंतिडवं जाळं असतं आणि हवा त्यातून वळणं घेत जाते. मोठा कण जड असल्यामुळं त्याला हवेबरोबर वळता येत नाही, तो सरळ जाऊन धाग्यावर आपटतो. अगदी बारीक कण हवेतल्या रेणूंच्या धक्क्यांनी थरथरत, भरकटत जातो आणि कुठल्या ना कुठल्या धाग्याला चिकटतो. सगळ्यांत अवघड मधला, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा. तो वळूही शकतो आणि फारसा भरकटतही नाही. म्हणून एन-९५ या जास्त गाळणाऱ्या मास्कची चाचणी याच मापाच्या कणांवर घेतात. तिथं निदान ९५ टक्के कण अडले पाहिजेत. त्याहून मोठे आणि त्याहून लहान कण मग आपोआप जास्त अडतात.

याच्या जोडीला वीज आहे. चांगल्या मास्कमधला पॉलिप्रोपिलिनचा मधला थर तयार करताना त्याच्यावर स्थिर विद्युतभार देतात. जवळून जाणारा कण त्याच्याकडे ओढला जातो. त्यामुळं थर जाड न करता, श्वास न कोंडता गाळणी चांगली होते. हा भार साबणानं आणि सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलनं उतरतो. एन-९५ धुतला की तो दिसायला स्वच्छ होतो आणि कामातून जातो.

राहिला ऑक्सिजन. त्याचे रेणू विषाणूच्याही शेकडो पट लहान, ते कुठंच अडत नाहीत. मास्कमध्ये घुसमटल्यासारखं वाटतं ते उष्णतेनं आणि ओलाव्यानं. सोलापूरच्या मे महिन्यात ते वाटणारच, त्यात तुमचं काही चुकत नाही. सावलीत, मोकळ्या जागी, माणसांपासून दूर जाऊन पाच मिनिटं काढून ठेवा, पाणी प्या, परत लावा.

पहिली पायरी: कोणी आणि कुठं लावायचा

सगळ्यांनी सगळीकडे, चोवीस तास, हे जमत नाही आणि त्याची गरजही नाही. आधी लावायचा तो आजारी माणसानं. तोंडातून निघता क्षणी कण मोठे आणि ओले असतात. बाहेर आले की काही क्षणांत सुकून लहान होतात. म्हणजे निघतानाच पकडणं सोपं, पसरल्यावर अवघड. खोकणारा माणूस उघड्या तोंडानं बसलाय आणि आजूबाजूचे दहा जण मास्क लावून बसलेत, हा उलटा कारभार झाला.

मे २०२० मध्ये अमेरिकेतल्याच मिसुरी राज्यात, स्प्रिंगफील्ड गावी, एका सलूनमधल्या दोघींना लक्षणं असूनही त्या काम करत राहिल्या. दोघींनीही मास्क लावले होते, गिऱ्हाइकांनीही लावले होते. त्या काळात १३९ गिऱ्हाइकं येऊन गेली. त्यांतल्या ६७ जणांनी चाचणी करून घेतली, एकालाही लागण निघाली नाही. त्यांतल्या एकीच्या घरच्या आणि जवळच्या चौघांना मात्र कोरोना झाला. एका प्रसंगावरून सगळं सिद्ध होत नाही, पण केस कापणारा आणि कापून घेणारा किती जवळ असतात ते आपल्याला माहीत आहे.

तुम्ही बरे असाल तर जागा बघून ठरवा. तीन प्रश्न पुरतात: छत आहे का, हवा बदलते का, किती वेळ थांबायचंय?

सिव्हिलमध्ये किंवा कुठल्याही दवाखान्यात केसपेपरच्या रांगेपासून बाहेर पडेपर्यंत मास्क लावाच. तिथं आजारी माणसं एकवटलेली असतात. हुतात्मा एक्स्प्रेसच्या एसी डब्यात पुण्यापर्यंत बसायचं असेल आणि शेजारचा खोकत असेल तर लावा. साध्या एसटीत खिडकी उघडी असेल तर धोका बराच कमी, पण थंडीच्या पहाटे सगळ्या खिडक्या बंद असतात, तेव्हा हिशेब बदलतो. मंगल कार्यालयातला एसी हॉल आणि त्यात अक्षतांची गर्दी हे सगळ्यांत वाईट, कारण तिथं सगळे मोठ्यानं बोलतात आणि कुणाला वाईटपणा घ्यायचा नसतो.

उलट सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मोकळं फिरताना मी मास्कचा आग्रह धरणार नाही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत खांद्याला खांदा लागला तर घरी म्हातारं माणूस असलेल्यांनी तेवढ्यापुरता लावावा. आषाढीत पंढरपूरला दर्शनबारीत तासन्तास उभं राहायचं असतं, तेही जाळीच्या आत, पुढच्याच्या मानेवर श्वास टाकत. तिथं मात्र खिशात दोन असू द्या. एक घामानं भिजणारच.

दुसरी पायरी: मास्क विकत घेताना

तीन प्रकार मिळतात. साधा कापडी, निळा-हिरवा तीन थरांचा सर्जिकल, आणि एन-९५ किंवा त्याच्या तोडीचा.

कापडीबद्दल थोडक्यात. एका पदराचा रुमाल जवळजवळ काहीच अडवत नाही. जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन थर सुचवले होते: आत ओलावा शोषणारं सुती, मध्ये न विणलेलं पॉलिप्रोपिलिन, बाहेर पॉलिस्टर किंवा मिश्र कापड. आपल्याकडे शाळेचे गणवेश शिवणारे इतके कारखाने आहेत की कुणीही टेलर तासाभरात शिवून देईल. नाकापाशी वाकणारी तार घालायला सांगा, तिच्याशिवाय घेऊच नका. उजेडासमोर धरल्यावर बल्ब स्पष्ट दिसत असेल तर ते कापड नाकारा. कापडी मास्क धुता येतो आणि बराच काळ टिकतो, एवढाच त्याचा मोठा गुण. दुसरं काही मिळत असेल तर मी तो तिसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

सर्जिकलच्या डब्यावर आयएस १६२८९ हे भारतीय मानक लिहिलंय का बघा. मोठा डबा घेतलात तर एक मास्क कात्रीनं कापून बघायला कचरू नका. आत तीन थर निघाले पाहिजेत आणि मधला पांढरा, कागदासारखा एकसंध दिसला पाहिजे. दोनच थर निघाले तर मालकाला डबा परत करा.

एन-९५ हा खरं तर अमेरिकी शिक्का आहे. आपल्याकडचं मानक आयएस ९४७३, त्यातला एफएफपी-२ हा वर्ग साधारण त्याच तोडीचा, निदान ९४ टक्के कण अडवणारा. चीनचा केएन-९५ ही त्याच घरातला. मास्कवर किंवा वेष्टनावर आयएसआय चिन्ह आणि त्याच्याजवळ सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकला की कुणाला परवाना दिलाय ते कळतं. ‘एन-९५’ नुसतं मोठ्या अक्षरांत छापलंय आणि बाकी काहीच नाही, असा माल फुटपाथवर भरपूर मिळतो. टाळा.

समोर प्लॅस्टिकची गोल झडप असलेला मास्क घेऊ नका. त्या झडपेतून तुमचा श्वास न गाळता बाहेर जातो. धुळीत काम करणाऱ्यांसाठी ती सोय आहे, पण आजारी माणसानं असा मास्क लावला तर समोरच्याला त्याचा पुरता उपयोग होत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जुलै २०२० मध्येच झडपवाल्या मास्कविरुद्ध राज्यांना पत्र धाडलं होतं.

किमतीचा अंदाज हवा असेल तर ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारनं एन-९५ च्या कमाल किमती १९ ते ४९ रुपयांच्या दरम्यान बांधल्या होत्या आणि सर्जिकलच्या तीन-चार रुपये. शंभर-दीडशेच्या मास्कमध्ये त्याहून जास्त गाळणी असते असं समजू नका.

तिसरी पायरी: बसवणं, म्हणजेच फट शोधणं

आता मुद्द्याचं. हवा आळशी असते, जिथून सोपं तिथून जाते. नाकाच्या दोन्ही बाजूंना करंगळीएवढी फट राहिली तर श्वासाचा मोठा वाटा गाळणीतून न जाता तिथूनच ये-जा करतो. मग मधला थर ९५ टक्क्यांचा असो की ९९.

जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेच्या ग्योटिंगेन इथल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये याचं गणित मांडलं. एक लागण झालेला आणि एक निरोगी, दोघांनीही एफएफपी-२ मास्क लावलेत आणि वीस मिनिटं अगदी जवळ आहेत. मास्क नीट बसलेला असेल तर लागण होण्याची शक्यता जास्तीत जास्त ०.१ टक्का. तोच मास्क ढिला बसला असेल तर सुमारे ४ टक्के. मास्क तोच, पैसे तेवढेच, फरक चाळीस पट. तर पहिल्या वेळी आरसा घ्या आणि निवांत बसा.

हात धुवा. मास्क उघडून बघा, तार वर, घड्या खाली तोंड करून. सर्जिकलची रंगीत बाजू बाहेर.

आधी हनुवटी आत घाला, मग नाकाकडे ओढा. उलट केलंत तर हनुवटीखाली पोकळी राहते. डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्या असतील तर खालची मानेवर, कानाखालून, आणि वरची डोक्याच्या माथ्यावर. अंबाडा असेल तर वरची पट्टी त्याच्या वरून घ्या. दोन्ही पट्ट्या मानेवरच अडकवल्या की मास्क नाकावरून उतरतो. त्या एकमेकींवर फुलीसारख्या टाकू नका, बाजूंना चुण्या पडतात.

मग तार. एका हाताच्या चिमटीनं ती दाबायची सवय सगळ्यांना असते. तिनं नाकावर तंबूसारखं टोक उभं राहतं आणि दोन्ही बाजूंना खिडक्या उघडतात. दोन्ही हातांची पहिली बोटं मधोमध ठेवा आणि तार दाबत दाबत गालांकडे न्या, नाकाच्या उंचवट्यावरून खाली, गालाच्या हाडापर्यंत. दोनदा करा.

आता तपासणी. दोन्ही तळवे मास्कवर हलके ठेवा, दाबू नका, आणि जोरात श्वास सोडा. पापण्यांवर गार झुळूक लागली तर वरची फट, चष्म्यावर वाफ आली तरी तेच. गालांवर, कानाकडे हवा जाणवली तर बाजूची. मग पटकन श्वास आत ओढा. नीट बसलेला एन-९५ किंचित आत खेचला जातो. काहीच हलत नसेल तर हवा दुसरीकडून येतेय. शेवटी एखादी बातमी मोठ्यानं वाचा. दोन मिनिटांत मास्क नाकाखाली आला तर तो तुमच्या मापाचा नाही, दुसऱ्या आकाराचा आणा.

कानाच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागच्या पट्ट्या चांगल्या, हे नव्यानं कळलेलं नाही. १९१० च्या हिवाळ्यात चीनच्या हार्बिन शहरात फुप्फुसाचा प्लेग पसरला. प्लेग जिवाणूचा, विषाणूचा नव्हे, पण या प्रकारात तो श्वासातून पसरतो. मलायात जन्मलेले डॉक्टर वू लिएन-तेह यांनी तिथं कापूस आणि गॉज यांचा जाड मास्क करून डोक्यामागं घट्ट बांधायला लावला. मदतीला आलेल्या एका फ्रेंच डॉक्टरनं तो न लावताच रुग्ण तपासले आणि थोड्याच दिवसांत तो प्लेगनं गेला. त्याच १९१० साली सोलापुरात द्वारकानाथ कोटणीस जन्मले. पुढं १९३८ मध्ये तेही वैद्यकीय पथकातून त्याच चीनमध्ये गेले. मास्कशी त्यांचा संबंध नाही, पण सोलापूरकराला चीन आणि डॉक्टर म्हटलं की ते आठवल्याशिवाय कसे राहतील?

कानाच्या दोऱ्याच असतील तर दोन उपाय. दोन्ही दोऱ्या डोक्यामागं एका छोट्या आकड्यानं किंवा साडीच्या पिनेनं जोडा, कानही दुखत नाहीत. सर्जिकल मास्क असेल तर प्रत्येक दोरीला मास्कच्या अगदी कडेजवळ एक गाठ मारा आणि बाजूला फुगलेली घडी आत ढकला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं फेब्रुवारी २०२१ मध्ये हे प्रयोगशाळेत तपासलं होतं. नुसत्या सर्जिकल मास्कनं खोकल्यातले ४२ टक्के कण अडले, त्याच्यावरून कापडी मास्क घट्ट बसवला तेव्हा ९२ टक्क्यांच्या वर. वरच्या कापडाचं खरं काम खालच्या मास्कच्या कडा दाबून धरण्याचं. एन-९५ वर मात्र दुसरं काही चढवू नका, त्याची बसलेली कड हलते.

दाढीचं स्पष्ट सांगतो. मास्कची कड जिथं टेकते तिथं केस असतील तर एन-९५ पूर्ण काम करत नाही, मग माणूस कुठल्याही धर्माचा असो. ज्यांना दाढी काढणं शक्य नाही त्यांनी सर्जिकलवर कापडी घट्ट बांधावा आणि बंद जागेत कमी वेळ थांबावं. मिशीची अडचण नाही, ती आतच राहते. मोरणी किंवा चमकी सहसा आत मावते, मोठी नथ काढून ठेवा. हिजाब किंवा ओढणी घ्यायची असेल तर आधी मास्क, मग त्याच्यावरून कापड. हेल्मेट काढल्यावर मास्क पुन्हा तपासा, तो हमखास सरकलेला असतो.

लूमवर आणि विड्यांपाशी

यंत्रमागाच्या शेडमध्ये दोन अडचणी एकत्र येतात. आवाज इतका की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं, म्हणजे कण जास्त आणि अंतर शून्य. आणि सूत तुटू नये, आत दमटपणा राहावा म्हणून खिडक्या बऱ्याचदा बंद. वर कापसाचे तंतू उडत असतात. ते मास्कवर साचून तो लवकर कोंदतो. श्वास जड लागू लागला की मास्क बदला, झटकून परत लावू नका. तापाच्या साथीत मी मालकांना एवढंच सांगेन: पाळी बदलताना दहा मिनिटं दोन्हीकडची दारं उघडा, खोकणाऱ्याला हजेरी कापल्याशिवाय घरी पाठवा. मजुरी बुडेल या भीतीनं माणूस ताप लपवतो आणि मग कुठल्याच मास्कचा इलाज चालत नाही. जे काम खुणेनं भागतं ते खुणेनं भागवा.

विड्या वळणाऱ्या बायका एका खोलीत गोल करून बसतात, मुलंही तिथंच. तंबाखूच्या भुकटीनं त्यांचा खोकला तसाही कायमचा, त्यामुळं साथीचा खोकला कोणता ते ओळखणं अवघड. ताप आला, अंग मोडून आलं की तो वेगळा समजा. बसायची जागा दारात, ओट्यावर हलवणं हा तिथं मास्कपेक्षा मोठा उपाय. विड्या जमा करायला रांगेत जाताना मास्क लावा.

घरात कुणी आजारी असेल तेव्हा

आजारी माणसाला स्वतंत्र खोली असली तर उत्तम, नसली तर खिडकीजवळचा कोपरा. खोलीत दुसरं कुणी येणार असेल तेव्हा आजाऱ्यानं मास्क लावावा, एकटा असताना काढावा. झोपेत मास्क नको. जेवण घेऊन जाणाऱ्या एकाच माणसानं एन-९५ लावावा आणि खोलीच्या बाहेर असतानाच लावावा, आत जाऊन नव्हे. बाहेर आल्यावर काढावा.

हवेबद्दल एक गोष्ट सोलापूरकरांच्या पथ्यावर पडणारी आहे. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत फेकतो, म्हणजे खोलीतली हवा सतत बदलते. समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी ठेवली की झालं. एसी तीच हवा फिरवत राहतो. पण तोच कूलर खोलीच्या मध्ये आणून ठेवला तर तोही तीच हवा फिरवतो. छताचा पंखा हवा हलवतो, बदलत नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा दिवसभर चालू ठेवा, तो घरातली हवा बाहेर खेचतो. आजाऱ्याच्या खोलीतली हवा खिडकीतून बाहेर जाईल असं बघा, बैठकीकडे येईल असं नको.

किती दिवस? फ्लूचा माणूस लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढं पाच-सात दिवस विषाणू सोडतो, कोरोनात दहा दिवस धरून चाला. ताप उतरला म्हणून दुसऱ्याच दिवशी मास्क फेकू नका. गोवराचं वेगळं: माणूस निघून गेल्यावरही तो विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. तिथं लस हाच खरा आधार.

पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावू नये, असं आपल्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सांगितलंय. सहा ते अकराच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली चालतो. मोठ्यांचा मास्क मुलाला लावला तर सगळीकडून फटच फट. ज्याला धाप लागलीय, ज्याला मास्क स्वतः काढता येत नाही, त्याला लावू नका.

उपयोग होतो याला पुरावा काय?

कुणी विचारलं तर बांगलादेशचा दाखला द्या. तिथं सुमारे ६०० गावांमधल्या साडेतीन लाखांच्या आसपास प्रौढांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले आणि लोकांच्या मागं लागून वापरायला लावले. तरीही वापर १३ वरून ४२ टक्क्यांपर्यंतच गेला. तेवढ्यावर लक्षणांसहित, रक्तचाचणीत सापडलेली कोरोनाची लागण नऊ-दहा टक्क्यांनी घटली. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत साठीच्या पुढच्यांमध्ये ती ३५ टक्क्यांनी घटली. कापडी मास्कचा फायदा मात्र स्पष्ट दिसला नाही. काही जण हे आकडे लहान म्हणून नाक मुरडतात. निम्म्याहून जास्त लोकांनी लावलाच नाही, हे लक्षात घेऊन ते वाचायला हवेत. दुसऱ्या काही प्रयोगांत निष्कर्ष धूसर निघाले, तेही खरं. मास्क देणं आणि मास्क नीट लावणं या दोन गोष्टी तिथंही निराळ्याच निघतात.

शेवटची पायरी: काढणं, ठेवणं, टाकणं

दोऱ्या धरून काढा, समोरच्या भागाला हात लावू नका, मग हात धुवा. हनुवटीवर उतरवून चहा पिणं टाळा. तिथला घाम आणि धूळ मास्कच्या आतल्या बाजूला लागते आणि तारेचा आकार बिघडतो.

सर्जिकल एका दिवसाचा, भिजला तर त्याआधीच गेला. कापडी रोज साबण आणि गरम पाण्यानं धुवून उन्हात वाळवा. उन्हाची आपल्याकडे ददात नाही. एन-९५ धुवायचा नाही, इस्त्री नाही, कुकरची वाफ नाही, सॅनिटायझरचा फवारा नाही. चार-पाच घ्या, कागदी पिशव्यांवर वार लिहा आणि आळीपाळीनं वापरा. आजचा पुन्हा चार-पाच दिवसांनी. मधल्या दिवसांत त्यावरचा विषाणू निष्प्रभ होतो आणि ओलावाही वाळतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो वाळत नाही, कुबट वास धरतो. इलॅस्टिक सैल पडलं, कड चुरगळली, तार तुटली किंवा श्वास जड लागला की त्याचं काम संपलं. तेव्हा पुन्हा ती झुळुकेची तपासणी करा, तीच सांगते.

टाकताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचना अशी: घरचा वापरलेला मास्क कागदी पिशवीत तीन दिवस ठेवा, मग कापून सुक्या कचऱ्यात द्या. कापायचा अशासाठी की कचऱ्यातून उचलून, धुवून कुणी तो पुन्हा विकू नये. घंटागाडीवरच्या मामांच्या हातात मोकळा मास्क देऊ नका, कागदात गुंडाळून द्या आणि आत मास्क आहे असं सांगा.